काचेला घसारा नसतो

खेड शिवापूरच्या टोलनाक्याआधी गाड्यांची रांग लागली होती. ताईची गाडी त्या रांगेत उभी असताना मागून आलेल्या टेम्पोने तिला धडक दिली. धक्क्याने गाडी पुढे सरकली आणि समोरच्या गाडीवर आदळली. मी ताईच्या शेजारीच बसलो होतो. कुणाला लागलं नाही, पण डिकी आत गेली, मागची काच फुटली आणि पुढचे-मागचे दोन्ही बंपर तुटले. अशा वेळी रस्त्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागचे हॉर्न वाजवतात, कुणी ‘गाडी बाजूला घ्या’ म्हणून ओरडतं, कुणी काहीतरी देऊन-घेऊन मिटवायला सांगतं. ताईने गाड्या हलवण्याआधी तिन्ही गाड्या एकत्र दिसतील असा फोटो काढला. टेम्पोची नंबर प्लेट, चालकाचं लायसन्स, टेम्पोच्या विम्याचा कागद यांचेही फोटो घेतले. तिथूनच आपल्या विमा कंपनीला फोन लावून क्लेम नंबर घेतला आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन नोंद केली.

ताई हायस्कूलमध्ये गणित शिकवते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची सगळी लढाई आकड्यांची होती.

गाडी टो करून अधिकृत वर्कशॉपच्या बॉडी शॉपमध्ये नेली. तिथल्या सर्व्हिस अॅडव्हायझरने गाडीभोवती फेरी मारून एस्टिमेट लिहायला घेतलं आणि डाव्या दारापाशी थांबून म्हणाला, “मॅडम, हे जुने ओरखडे पण यातच बसवून टाकतो. नाहीतरी पैसे कंपनीचेच आहेत.”

“नको दादा,” ताई म्हणाली. “या अपघातात जे झालंय तेवढंच लिहा.”

तिचं बरोबरच होतं. क्लेम फॉर्मवर सही मालकाची असते, अॅडव्हायझरची नाही. जुन्या ओरखड्यात धूळ बसलेली असते, गंज धरलेला असतो, आणि सर्व्हेयरच्या नजरेला तो फरक लगेच दिसतो. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय येतो आणि सगळा क्लेम अडचणीत येतो. ही सवलत अनेक गॅरेजांमध्ये आपुलकीने देऊ केली जाते. तिला ठाम नकारच द्यायला हवा.

दुरुस्तीचा खर्च ५० हजार रुपयांच्या वर जाणार असेल, तर कंपनीला परवानाधारक सर्व्हेयर नेमावा लागतो. त्याची फी कंपनी देते, पण त्याचा परवाना आयआरडीएआयचा, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणाचा असतो. बहुतेक गाडीमालक सर्व्हेच्या दिवशी तिकडे फिरकत नाहीत. गाडी सोडून येतात आणि ‘रेडी झाली’ असा फोन येण्याची वाट पाहतात. मधल्या काळात गॅरेज आणि सर्व्हेयर बोलतात, आणि कुठला भाग बदलायचा, कुठला ठोकून सरळ करायचा, किती पैसे मंजूर करायचे, हे ठरून जातं. ताईने रजा टाकली आणि सर्व्हेच्या वेळी ती गाडीपाशी उभी राहिली.

सर्व्हेयर साहेबांचा पहिला प्रश्न रास्त होता. धडक मागून बसली, तर पुढचा बंपर कसा तुटला? पुढचं आणि मागचं नुकसान दिसलं की दोन वेगळे अपघात एका क्लेममध्ये घातल्याची शंका येतेच. ताईने टोलनाक्यावरचा फोटो समोर धरला. टेम्पो, मध्ये आमची गाडी, पुढे तिसरी गाडी, तिघी एकमेकींना चिकटलेल्या. साहेबांनी तो फोटो मागून घेतला आणि विषय तिथेच संपला.

खरं नुकसान मात्र अजून झाकलेलं होतं. डिकीचं दार उतरवून मिस्त्रींनी मॅटिंग उचललं, स्टेपनी बाहेर काढली आणि टॉर्चचा उजेड खाली टाकला. स्टेपनी बसते त्या खोलगट पत्र्याच्या कडेला एक लांब सुरकुती पडली होती. पत्र्याच्या जोडावरचं सीलंट तिथे तडकलं होतं आणि रंगाचे पापुद्रे सुटले होते. मिस्त्री त्या सुरकुतीवरून अंगठा फिरवत म्हणाले, “ताई, हे असंच ठेवून नवीन डिकी बसवली, तर दार कधी नीट लागणार नाही. पावसाचं पाणी आत येत राहील.” पहिल्या एस्टिमेटमध्ये याचा उल्लेख नव्हता. अॅडव्हायझरच्या मते ‘हे आता पास होणार नाही, हा खर्च तुमच्या खिशातून’. प्रत्यक्षात गाडी उघडल्यावर सापडलेल्या नुकसानीसाठी सप्लिमेंटरी एस्टिमेट देता येतं. दुरुस्ती सुरू होण्याआधी ते सर्व्हेयरला दाखवलं पाहिजे, एवढंच. ताईने जागेवरच फोटो कंपनीला मेल केले. सर्व्हेयर पुन्हा येऊन पाहून गेले आणि फ्लोअरचं काम मंजूर झालं.

त्यानंतर असेसमेंट शीट आली. खरं तर ती आपणहून येत नाही, मागून घ्यावी लागते. ताईने लेखी मागितली.

गाडी सहाव्या वर्षात होती आणि पॉलिसीला झिरो डेपचं कव्हर नव्हतं. त्यामुळे प्रत्येक नव्या भागाच्या किमतीतून घसारा वजा होणार, हे तिला माहीत होतं. त्याचे दर पॉलिसीच्या मजकुरातच छापलेले असतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरवर ३० टक्के. धातूच्या भागांचा दर गाडीच्या वयानुसार चढत जातो: पहिले सहा महिने शून्य, वर्षाच्या आत ५ टक्के, मग १०, १५, २५, ३५, आणि पाच वर्षांनंतर दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. रंगकामात मजुरी आणि रंग वेगळे दाखवले नसतील, तर बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात. म्हणजे २० हजारांच्या पेंटिंगमधून अडीच हजार जातात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये स्वतः भरावे लागतात, त्याहून मोठ्या इंजिनाला दोन हजार.

आणि काच? काचेच्या भागांवर घसारा शून्य.

ताई पेन घेऊन एकेक ओळ तपासत गेली. बंपर बरोबर, टेललॅम्प बरोबर, डिकीचं दार बरोबर. मागची काच साडेसात हजारांची होती. तिच्यापुढे ४० टक्के लिहून तीन हजार कापले होते. काच धातूच्या रकान्यात जाऊन बसली होती. अॅडव्हायझर म्हणाला, “सर्व्हेयर साहेबांनी केलंय मॅडम, आता ते बदलत नाही.” कंपनीच्या हेल्पलाइनवरही तेच उत्तर मिळालं.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते ऐकून हजारो लोक गप्प बसत असतील याचं मला आजही वाईट वाटतं. सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो अंतिम किंवा बंधनकारक नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार यांच्या ट्रकच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलेलं आहे. ताईला त्या वेळी हा निकाल माहीत नव्हता. तिने फक्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहिला. त्यात असेसमेंट शीटमधली ओळ, पॉलिसीतलं घसाऱ्याचं कोष्टक आणि वजाबाकी, तिन्ही एकाखाली एक मांडली. कुठेही चढा शब्द नव्हता. दुरुस्त केलेली शीट आली आणि तीन हजार परत जमेला आले.

मेलने काम झालं नसतं तरी रस्ता होता. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबईत आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. दिरंगाईबाबतही नियम आहे. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेयर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने त्यानंतर ७ दिवसांत निर्णय कळवायचा. फोनवर ‘फाइल प्रोसेसमध्ये आहे’ असं ऐकायला मिळालं, तर या मुदतींचा उल्लेख करून लेखी विचारावं.

गाडी घरी आली. डिकीचं दार हलक्या हाताने लागतं, पावसाळ्यात आत थेंबभर पाणी आलं नाही. मिस्त्रींचं काम चोख होतं.

पण पॉलिसीचं नूतनीकरण आलं तेव्हा ताई पहिल्यांदा खरोखर चिडली. पाच वर्षं एकही क्लेम न केल्यामुळे तिला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो, तो त्यामुळे निम्मा व्हायचा. या एका क्लेमने बोनस शून्यावर आला. आता पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं वर्षावर्षाने चढत ५० पर्यंत जायचं. तिची गाडी रांगेत उभी होती, धडक दुसऱ्याने दिली, पोलिसांत तशी नोंद आहे, याचा इथे काहीही उपयोग नाही. बोनस क्लेम केला की जातो, चूक कुणाचीही असो. बोनस वाचवणारं वेगळं कव्हर मिळतं, पण ते पॉलिसी घेतानाच जादा पैसे देऊन घ्यावं लागतं.

टेम्पोच्या विमा कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय कायद्यात आहे. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला आहे, तो त्यासाठीच. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, २०१९ च्या दुरुस्तीने तोही सहा महिन्यांच्या आत, आणि मग तारखांना हजर राहायचं. बंपर आणि डिकीसाठी नोकरी करणारा माणूस ते करत नाही. तो आपल्याच पॉलिसीवर क्लेम करतो, घसारा सोसतो आणि बोनसही गमावतो. ज्याने धडक दिली त्याला यातलं काहीच भरावं लागत नाही. पोलीस नोंदीवरून आणि सर्व्हेयरच्या अहवालावरून ज्याची चूक नव्हती हे स्पष्ट होतं, अशा गाडीमालकाचा नो क्लेम बोनस कायम ठेवण्याची तरतूद आयआरडीएआयने करायला हवी, आणि ती जादा पैशांच्या कव्हरमध्ये न ठेवता प्रत्येक मूळ पॉलिसीत असली पाहिजे.