आकडे आधी, आलेख नंतर

वेबसाइटवर आलेख दाखवण्याच्या मुळात दोनच रीती आहेत. एक म्हणजे एक्सेलमध्ये आलेख काढायचा, त्याचे चित्र करायचे आणि ते फोटोसारखे पानावर लावायचे. दुसरी म्हणजे आकडेच पानाबरोबर पाठवायचे आणि आलेख वाचकाच्या ब्राउझरला काढू द्यायचा. पहिली रीत झटपट होते, म्हणून ती अजूनही सर्रास दिसते. पण फोनवर ते चित्र आक्रसते, अक्षरे वाचता येत नाहीत, शोध घेणाऱ्याला त्यातले आकडे सापडत नाहीत, आणि एक आकडा चुकला तरी सगळे चित्र नव्याने करावे लागते. प्लगइन असतात ते दुसऱ्या रीतीसाठी. आकडे साठवणे, पानात त्यांची जागा राखणे, आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोचवणे आणि तिच्या हाती आकडे सोपवणे, एवढे त्यांचे काम. आलेख दिसत नसेल तर यांतली कोणती पायरी अडली ते आधी शोधावे. बहुतेक वेळा ती पहिलीच असते.

वर्डप्रेस ही प्रणाली २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केली. पुढच्याच वर्षी आलेल्या १.२ या आवृत्तीत प्लगइन जोडण्याची सोय झाली. २००८ च्या २.५ आवृत्तीत शॉर्टकोड आले: मजकुरात चौकटी कंसात एक छोटा संकेत लिहायचा आणि पान उघडताना त्या जागी तक्ता यायचा. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉकची पद्धत आली. पाच-दहा ओळींच्या, कधी न बदलणाऱ्या तक्त्यासाठी वर्डप्रेसमधला मूळचा टेबल ब्लॉक पुरतो. तेवढ्यासाठी प्लगइन बसवू नये. क्रम लावणे, शोधणे, पानापानांत विभागणे हवे असेल तर टोबियास बेटगे यांचे टेबलप्रेस हे वर्षानुवर्षे टिकलेले साधन आहे. त्यातला तक्ता डेटाटेबल्स नावाच्या लायब्ररीच्या आधाराने चालतो. आलेखांसाठी व्हिज्युअलायझर, आणि तक्ते व आलेख दोन्हींसाठी, थेट डेटाबेसला किंवा गुगल शीट्सला जोडता येणारे डब्ल्यूपीडेटाटेबल्स. नावे आणखी पुष्कळ आहेत, पण खरे काम नावांच्या निवडीत नाही.

खरे काम प्लगइन उघडण्याआधी, आकड्यांच्या फाइलमध्ये होते. उदाहरण म्हणून महाराष्ट्राची २०११ ची जिल्हावार लोकसंख्या घ्यावी. तेव्हा ३५ जिल्हे होते आणि राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. सर्वांत मोठा जिल्हा ठाणे, १,१०,६०,१४८. त्यानंतर पुणे, ९४,२९,४०८, आणि मुंबई उपनगर, ९३,५६,९६२. सर्वांत लहान सिंधुदुर्ग, ८,४९,६५१. ही फाइल कार्यालयातून येते तेव्हा ती कागदावर छापण्यासाठी सजवलेली असते: वर दोन ओळींचा मथळा, विभागवार एकत्र केलेले चौकोन, मध्येच विभागांच्या बेरजा, शेवटी एकूण. माणसाला हे सोयीचे असते, प्लगइनला नाही. त्याला पहिल्या ओळीत रकान्यांची नावे हवीत, पुढच्या प्रत्येक ओळीत एकच जिल्हा हवा, आणि बेरजेची ओळ अजिबात नको. ती राहून गेली तर आलेखात ‘एकूण’ नावाचा एक स्तंभ इतका उंच उभा राहतो की बाकीचे पस्तीस जमिनीला चिकटतात.

यापेक्षा फसवी गोष्ट स्वल्पविरामाची. जावास्क्रिप्टमध्ये मजकुरातून संख्या वाचणारी पार्सफ्लोट नावाची एक आज्ञा आहे. ती डावीकडून अंक वाचत जाते आणि अंक किंवा दशांशचिन्ह नसलेले काही दिसले की थांबते. ठाण्याची लोकसंख्या इंग्रजी अंकांत, पण लाख-कोटींचे स्वल्पविराम देऊन लिहिली, तर या आज्ञेला पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचता येते आणि ठाण्याची लोकसंख्या होते १. पुण्याची ९४, मुंबई उपनगराची ९३, सिंधुदुर्गाची ८. आलेख मात्र व्यवस्थित निघतो. रंग ठीक, नावे ठीक, कुठेही त्रुटीचा संदेश नाही, आणि पुणे हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा ठरतो. काही साधने स्वल्पविराम आधी काढून टाकतात, काही टाकत नाहीत. म्हणून आलेख प्रसिद्ध करण्यापूर्वी सर्वांत मोठा, सर्वांत लहान आणि मधला एक असे तीन आकडे मूळ कागदाशी ताडून पाहणे हा नियम कधी मोडू नये.

देवनागरी अंकांचा प्रश्न याच जातीचा. ‘१२’ हा मजकूर जावास्क्रिप्ट संख्या मानत नाही. तिच्या लेखी ती नुसती अक्षरे. ज्या साधनाला देवनागरी अंक कळत नाहीत ते रकाना अक्षरक्रमाने लावते. वरच्या तक्त्यात लोकसंख्या उतरत्या क्रमाने लावायला सांगितली तर पुणे आणि मुंबई उपनगरानंतर तिसऱ्या स्थानी सिंधुदुर्ग येतो, कारण ‘८’ हे अक्षर मोठे. आणि सगळ्यांत मोठे ठाणे तळाशी जाते, कारण त्याची सुरुवात ‘१’ आणि स्वल्पविरामाने होते. यावर इलाज देवनागरी सोडून देणे हा नव्हे. मराठी वाचकाला मराठी अंक मिळालेच पाहिजेत. साठवताना आकडा इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामाशिवाय, कोरा ठेवावा आणि दाखवताना त्याला रूप द्यावे. भाषेप्रमाणे संख्या मांडण्याची सोय आजच्या सगळ्या ब्राउझरमध्ये आहे: तिला ‘एमआर-आयएन’ हा संकेत दिला की देवनागरी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम दोन्ही मिळतात, ‘ईएन-आयएन’ दिला की अंक इंग्रजी राहतात पण स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात. साठवलेला आकडा आणि दाखवलेला आकडा वेगळे ठेवले की क्रमही बरोबर लागतो आणि आलेखही खरा निघतो.

नावांचे दुखणे वेगळे. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल एक्सेलमध्ये स्वच्छ मराठी दिसते, कारण तिथे तो फॉन्ट असतो. प्रत्यक्षात साठवलेली असतात रोमन अक्षरे. सीएसव्ही करताना फॉन्ट मागे राहतो आणि वेबसाइटवर अर्थहीन अक्षरांची रांग उमटते. ती फाइल आधी युनिकोडमध्ये आणावी लागते. त्याला आडवाट नाही. युनिकोड फाइलसुद्धा एक्सेलमधून जतन करताना साधी सीएसव्ही न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावी, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. शिवाय अक्षरक्रम. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या क्रमाने मात्र ळ हा ल नंतर लगेच येतो, क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये जातो. गावांच्या किंवा आडनावांच्या लांब यादीत वाचक क्षीरसागर शेवटी शोधतो आणि तो नाहीच असे समजून निघून जातो. क्रमांकाचा एक वेगळा रकाना ठेवून त्यावर क्रम लावणे हा सोपा, खात्रीचा उपाय.

आलेखाचा प्रकार ठरवणे त्यामानाने जुन्या, चांगल्या तपासलेल्या ज्ञानाचा विषय आहे. स्तंभालेख आणि रेषालेख विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ च्या ग्रंथात आले, वृत्तालेख त्यांच्याच १८०१ च्या ग्रंथात. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोगांनी दाखवले की एकाच पट्टीवरची स्थाने डोळा अचूक ताडतो, कोन आणि क्षेत्रफळ ताडताना चुकतो. म्हणून तुलना करायची असेल तर स्तंभ, काळाचा प्रवाह दाखवायचा असेल तर रेषा, आणि वृत्तालेख दोन-तीन भागांपुरता. पस्तीस जिल्ह्यांचा वृत्तालेख काही सांगत नाही. जिल्ह्यांची नावे लांब असली की स्तंभ आडवे घ्यावेत. उभ्या स्तंभांखाली जागा पुरली नाही तर चार्ट.जेएससारखी लायब्ररी नावे तिरकी करते, आणि तरीही मावली नाहीत तर मधली काही गाळून टाकते. तिरकी देवनागरी वाचणे कठीण जाते, आणि गाळलेला जिल्हा आपला असेल तर वाचकाचा विश्वासच उडतो.

स्तंभांचा अक्ष शून्यापासून सुरू झालाच पाहिजे. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.८८ टक्के होती, २०११ मध्ये ८२.३४ टक्के. अक्ष ७५ पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ चौपट उंच दिसतो. आकडे खरे, चित्र खोटे. पुष्कळ साधने अक्षाची सुरुवात आपोआप ठरवतात, म्हणून ती स्वतः पाहून घ्यावी. त्रिमितीय स्तंभ आणि सावल्या यांचा पर्याय प्लगइनमध्ये दिसला तरी वापरू नये. मागे झुकलेल्या स्तंभाची उंची कुणालाच वाचता येत नाही.

आलेख पडद्यावर उमटतो तो दोनपैकी एका प्रकाराने. चार्ट.जेएस कॅनव्हासवर रंगवते. डी३, हायचार्ट्स आणि गुगल चार्ट्स एसव्हीजी वापरतात. कॅनव्हास म्हणजे रंगवून झालेली फळी: त्यातली अक्षरे निवडता येत नाहीत आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला ती वाचता येत नाहीत. देवनागरीसाठी आणखी एक अडचण अशी की वेबसाइटचा मराठी फॉन्ट उतरण्यापूर्वी कॅनव्हास रंगला तर तो हाती असलेल्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये रंगतो आणि तसाच राहतो. फॉन्ट आल्यावर मगच आलेख काढण्याची आज्ञा द्यावी. ओळीची उंचीही वाढवावी, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. एसव्हीजीत अक्षरे अक्षरेच राहतात. मात्र हजारो बिंदू असले की ते जड होते. परवान्याकडेही आधी पाहावे. व्यावसायिक वापरासाठी हायचार्ट्सचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि गुगल चार्ट्स गुगलच्याच सर्व्हरवरून घ्यावी लागते, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येत नाही.

डेटारॅपर आणि फ्लरिश या सेवा आलेख स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात आणि आयफ्रेममधून पानात दाखवतात. वृत्तपत्रांत त्यांचा वापर बराच आहे आणि त्यांचे आलेख देखणे असतात. सेवेने अटी बदलल्या तर काय, हा प्रश्न मात्र आधीच विचारून ठेवावा.

तक्ता फोनवर उघडला की रकान्यांची गर्दी होते. आडवे सरकवण्याची सोय द्यावी आणि जिल्ह्याच्या नावाचा पहिला रकाना जागेवर स्थिर ठेवावा. त्याहून चांगले म्हणजे रकाने कमी करणे. हजारो ओळी असतील तर सगळ्या वाचकाकडे पाठवू नयेत. लागतील तेवढ्याच सर्व्हरकडून मागवण्याची सोय असलेले साधन घ्यावे.

प्रत्येक आलेखाखाली त्याच आकड्यांचा साधा तक्ता हवा, याबद्दल तडजोड नको. स्क्रीन रीडरला तो वाचता येतो, लाल-हिरव्यातला भेद न दिसणाऱ्याला तो उपयोगी पडतो, जावास्क्रिप्ट अडली तरी तो दिसतो, आणि आलेखावर शंका आलेल्या वाचकाला पडताळा घेता येतो. तक्त्याच्या खाली आकडे कुठून घेतले, कोणत्या वर्षाचे, आणि त्यात काय बदलले हे लिहावे. २०११ च्या ठाण्यात आजचा पालघर होता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. ही ओळ नसेल तर २०११ चे ठाणे आणि आजचे ठाणे शेजारी ठेवून वाचक चुकीचा निष्कर्ष काढणार. जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत: जुन्या फाइलीत उस्मानाबाद, नव्या फाइलीत धाराशिव. दोन फाइली नावावरून जोडल्या तर अशा ओळी गळून जातात. जनगणना प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक देते. जोडताना तोच धरावा.

राहिला प्रश्न टिकण्याचा. ॲडोबीने २०२० अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्यावर उभे असलेले आलेख बंद पडले. पत्त्यातच आकडे लिहून आलेखाचे चित्र मिळवण्याची गुगलची सेवा २०१९ मध्ये थांबली, आणि तिच्यावर विसंबलेल्या पानांवर रिकाम्या चौकटी राहिल्या. प्लगइनही सोडून दिली जातात. बंद केलेल्या प्लगइनचा तक्ता पानावरून जातो आणि त्या जागी नुसता शॉर्टकोड दिसतो. वर्डप्रेसच्या प्लगइन सूचीत शेवटचा बदल कधी झाला आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासणी झाली हे लिहिलेले असते. बसवण्यापूर्वी ते वाचावे. मूळ सीएसव्ही फाइल प्लगइनच्या बाहेर, आपल्या ताब्यात ठेवावी आणि ती उतरवून घेण्याचा दुवा वाचकालाही द्यावा. टेबलप्रेसमधून तक्ता सीएसव्ही, एचटीएमएल किंवा जेसन रूपात बाहेर काढता येतो. ज्या प्लगइनमधून आकडे असे परत मिळत नाहीत ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये.