सात चौकश्या

भिलाईत ज्यांचे बालपण गेले त्यांना ‘क्वार्टर’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. माझे वडील १९६४ साली भंडाऱ्याहून येथे नोकरीसाठी आले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्याला तेव्हा पाचच वर्षे लोटली होती. कारखान्याने आम्हांला घर दिले, पाणी दिले, अंगणात आंबा लावण्यापुरती जागा दिली. लग्नानंतर मी एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात गेले, कारण यजमानही कारखान्यातच नोकरीला होते. पन्नाशी जवळ आली तरी स्वतःचे म्हणावे असे घर आम्हांला नव्हते. यजमान २०१९ च्या ऑक्टोबरात निवृत्त होणार आणि मग क्वार्टर सोडावे लागणार, एवढे मात्र ठाऊक होते.

म्हणून २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही रिसालीत एक लहानसे घर पाहिले. पन्नास हजार रुपये बयाणा दिला. मुलगा नुकताच नोकरीत स्थिरावला होता. तो मुख्य कर्जदार आणि मी सहकर्जदार, असे ठरले. मी शाळेत शिकवीत होते. माझ्या नावावर आजवर एक पैशाचेही कर्ज नव्हते आणि याचा मला मोठा अभिमान होता. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आईचे वाक्य ऐकतच मी मोठी झाले होते.

बँकेतील अधिकारी सौजन्यशील होते. त्यांनी आधी माझा कागद पुढे केला. तो जवळजवळ कोरा होता. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही तो कर्ज कसे फेडील, हे बँकेला कळण्यास मार्ग नाही, असे त्यांनी हिंदीत समजावून सांगितले. आयुष्यभर जपलेला माझा सद्गुण त्या कागदावर दिसतच नव्हता! मग त्यांनी मुलाचा कागद उघडला. तो मात्र भरगच्च होता. चार महिन्यांत सात चौकश्या!

दुचाकीच्या कर्जासाठी एक, क्रेडिट कार्डांसाठी दोन, हप्त्यावरच्या मोबाइलसाठी एक. आणि कोणाचा व्याजदर कमी आहे हे पाहण्याच्या भरात घराच्या कर्जासाठीच तीन ठिकाणी केलेले अर्ज. मुलगा म्हणाला, “आई, मी नुसतं विचारलं होतं.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु आपण कर्जासाठी अर्ज करतो तेव्हा बँक पतमाहिती कंपनीकडून आपला अहवाल मागविते आणि त्या मागणीची तारखेसह नोंद होते. भारतात अशा चार कंपन्या आहेत. त्यांपैकी २००० साली स्थापन झालेल्या सिबिलचे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले आहे, की ३०० ते ९०० या दरम्यानच्या गुणांकालाच लोक ‘सिबिल’ म्हणतात. एका चौकशीने फारसे बिघडत नाही. मात्र थोड्या दिवसांत अनेक चौकश्या दिसल्या, तर या माणसाला पैशाची निकड आहे अशी शंका बँकेला येते. वेळेवर हप्ते भरण्याला गुणांकात अधिक वजन असते हे खरे. पण आमच्या मुलाचे हप्ते सुरू होऊन तीनच महिने झाले होते. त्याचा जुना इतिहास असा नव्हताच.

त्याहून मोठी गोष्ट दुचाकीच्या हप्त्याची निघाली. हप्ता ३,२०० रुपयांचा. मला तो किरकोळ वाटत होता. अधिकाऱ्यांनी कागदावर हिशेब मांडला : ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर घराच्या एक लाख कर्जाला महिना सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे त्या ३,२०० रुपयांत साडेतीन लाखांचे घरकर्ज बसले असते. आमच्या नव्या घराची एक खोली दुचाकीवर बसून निघून गेली होती, असे म्हणावे लागेल.

सहा महिन्यांनी या, असे बँकेने सांगितले. घरमालक थांबले नाहीत. बयाणाही परत मिळाला नाही. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. यजमानांनी मुलाला एक शब्द विचारला नाही, हेच त्याला अधिक लागले असावे.

त्या सहा महिन्यांत नवा अर्ज करायचा नाही, एवढाच नेम आम्ही केला. नेम सोपा होता. मे महिना सोपा नव्हता. भिलाईच्या उन्हाळ्यात आमचा जुना फ्रिज बंद पडला. दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले. सुपेल्याच्या दुकानात गेलो, तर विक्रेत्याने बिनव्याजी हप्त्यांचा कागद पुढे सरकविला. “पाच मिनिटांत मंजूर,” तो म्हणाला. मुलाचा हात खिशातल्या आधार कार्डाकडे गेला आणि तिथेच थांबला. व्याज नसले तरी तो अर्जच. चौकशी व्हायची ती होणारच. आम्ही दुकानाबाहेर आलो आणि त्याच रस्त्यावर दोन माठ विकत घेतले. दूध दिवसातून दोनदा तापवावे लागे, उरलेली भाजी सकाळपर्यंत टिकत नसे. यजमान मात्र माठाचे पाणी पिताना दरवेळी ‘आहाहा’ म्हणत. ते खरोखर आनंदाने की मुलाचा संकोच घालवावा म्हणून, हे मी विचारले नाही.

याच काळात मुलाने आपला अहवाल स्वतः मागवून पाहिला. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. त्याने बंद केलेले एक कार्ड त्यात चालूच दिसत होते. ती चूक दुरुस्त होईपर्यंत पत्रव्यवहारात बरेच दिवस गेले. आता तक्रारीला तीस दिवसांहून अधिक विलंब झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि आपला अहवाल कोणी मागविला तर तसा संदेशही फोनवर येतो. आमच्या वेळी यांतले काही नव्हते. दुचाकीचे कर्ज मात्र आम्ही माझ्या बचतीतून मुदतीपूर्वीच फेडून टाकले.

ऑक्टोबरात एकाच बँकेत अर्ज केला. व्याजदर आधी तोंडी विचारून घेतले होते. पहिले घर तोवर विकले गेले होते. दुसरे मिळाले ते थोडे लहान आणि बाजारापासून दूर. त्याला अंगण नाही, याची खंत मला अजून आहे. पहिला हप्ता डिसेंबरच्या पाच तारखेला गेला. फ्रिज त्यानंतर तीन महिन्यांनी, रोखीने आला.