परदेशी न्हाणीघर

आंघोळ माणसाने दार लावून करावी, असे आमचे लहानपणापासूनचे मत आहे. मुलूख सोडून नोकरीस राहिल्यापासून ते अधिकच दृढ झाले. सरकारी क्वार्टरमधील न्हाणीघर ते केवढे! बादली आत आली की माणसाने भिंतीला चिकटून उभे राहावे. पण त्या चार भिंतींत साहेब नाही, फाईल नाही, शेजारी नाही. दिल्लीच्या जानेवारीत, रॉडने तापविलेल्या पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना जो एकान्त लाभतो, तो बदलीवर हिंडणाऱ्या माणसास अन्यत्र क्वचितच मिळतो.

अशा आमच्यावर चारचौघांत विवस्त्र होऊन स्नान करण्याचा प्रसंग आला तो जपानात, २०२४ च्या नोव्हेंबरात. आमचा धाकटा भाऊ टोकियोत संगणकाच्या कामावर असून निशी-कासाई भागात राहतो. त्या वस्तीत आपले लोक इतके आहेत की तूरडाळीवाचून कोणाचे अडत नाही. अप्पांना एकदा घेऊन या, असा त्याचा दोन वर्षे आग्रह चालला होता. अखेर रजेचा अर्ज, परदेशगमनाच्या परवानगीचा अर्ज इत्यादी सोपस्कार उरकून आम्ही अप्पांसह निघालो. हे सोपस्कार कसे असतात, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. मुलांच्या परीक्षा असल्याने आमचे कुटुंब मागे राहिले.

भावाने दोन दिवसांसाठी हाकोने येथील एका हॉटेलात सोय केली होती. शिंजुकुहून आगगाडीने दीड तासात हाकोने-युमोतो. तेथून डोंगर चढणारी लहानशी गाडी. ही गाडी चढताना तीनदा थांबते, उलट दिशेस तोंड करते आणि मागची पुढची होऊन वर जाते. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी असेच होते म्हणे, असे अप्पा म्हणाले व खिडकीबाहेर पाहत राहिले. डोंगर ज्वालामुखीचा असल्याने जागोजाग उष्ण झरे आहेत. ओवाकुदानी नावाच्या दरीत तर गंधकाच्या वाफा निघतात. तेथील पाण्यात उकडलेली काळ्या कवचाची अंडी खाल्ल्यास आयुष्य सात वर्षांनी वाढते, अशी तेथील समजूत. अप्पांनी आयुष्य वाढविण्यास नकार दिला. ते अंडे खात नाहीत.

हॉटेलच्या तळमजल्यावर स्नानगृह. दारावर दोन पडदे, निळा पुरुषांचा, तांबडा स्त्रियांचा. निळ्या पडद्याआड शिरताच भिंतीवर चौकटीत लावलेले एक सरकारी पत्रक दिसले आणि आम्हांस एकदम घरच्यासारखे वाटले! भावाने अर्थ सांगितला. जपानात उष्ण झऱ्यांसाठी १९४८ चा स्वतंत्र कायदा आहे. उगमापाशी पाणी निदान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा त्यात ठरावीक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असावीत, तरच त्यास उष्ण झरा म्हणावयाचे. पाण्याचे पृथक्करण व ते कोणी टाळावे याची यादी स्नानगृहात लावणे बंधनकारक आहे. यादीत पूर्वी गर्भवती स्त्रियांचाही समावेश असे. तो २०१४ मध्ये वगळण्यात आला. शुद्धिपत्रके काढण्यात आयुष्य चाललेल्या आमच्यासारख्यास हे वाचून किती समाधान झाले म्हणून सांगावे! मात्र यादीत गंभीर हृदयविकारही होता, आणि तेथे आमची नजर थबकली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी कोमट पाणी आणि थोडा वेळ, एवढी मुभा अप्पांना दिलेली होती. सुदैवाने आत मोठ्या कुंडाशेजारी बेताच्या उष्णतेचे एक लहान कुंड होते.

खरी अडचण निराळीच निघाली. अप्पांनी घरून पंचा आणला होता आणि तो नेसूनच ते पाण्यात उतरणार होते. जन्मभर कृष्णेवर ते तसेच उतरले. विवस्त्र स्नान करू नये, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले. येथे नियम नेमका उलटा: पाण्यात वस्त्र न्यावयाचे नाही. हातातला छोटा पंचासुद्धा पाण्याबाहेर ठेवावा, नाहीतर घडी करून डोक्यावर. अप्पांनी भावाला कारण विचारले.

"कापडाने पाणी मळतं, अप्पा. सगळ्यांना त्याच पाण्यात बसायचं असतं. म्हणून आधी बाहेर स्वच्छ आंघोळ करायची, अंगाला साबणाचा कणही ठेवायचा नाही, मग आत उतरायचं."

अप्पांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे सोवळंच की हे," असे म्हणून त्यांनी पंचा सोडला.

आत गेलो तो आणखी एक आश्चर्य. भिंतीलगत ओळीने बुटकी लाकडी आसने, प्रत्येकापुढे नळ आणि लहान लाकडी घमेले. म्हणजे पाट, बादली आणि तांब्या! शॉवरखाली उभे राहून न्हाणाऱ्या जगात बसून आंघोळ करणारे आम्हीच उरलो, असे आम्हांस वाटे. साताऱ्याच्या घरी तांब्याचा बंब होता आणि अप्पा पाटावर बसून असेच पाणी घेत. तेथे ते शॉवरकडे न पाहता घमेल्यानेच अंगावर पाणी घेऊ लागले.

पलीकडे एक पन्नाशीचे गृहस्थ आपल्या वृद्ध वडिलांची पाठ चोळीत होते. दोघेही बोलत नव्हते. वडिलांची पाठ धुणे ही तिकडील जुनी रीत आहे, असे भाऊ हळूच म्हणाला. अप्पांनी ते पाहिले. काही वेळाने, एक अक्षरही न बोलता, त्यांनी आपले आसन फिरविले आणि आमच्याकडे पाठ केली.

दिवाळीत ते आम्हांस उटणे लावीत, ते हात आम्हांस आठवतात. पण त्यांची पाठ आम्ही कधी अशी पाहिली नव्हती. मणके मोजता येत होते. पुढे वाकून पाणी घालताना डाव्या पायावर घोट्यापासून गुडघ्यावरपर्यंत गेलेला लांब व्रण दिसला. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया २०२२ मध्ये झाली तेव्हा आम्ही गुवाहाटीस होतो आणि भाऊ टोकियोत. कागदावर सही बहिणीने केली. फोनवर अप्पा म्हणाले होते, "किरकोळ आहे, येण्याची घाई करू नकोस." व्रण छातीवर असणार, एवढे आम्हांस ठाऊक होते. पायाचे कोणी बोलले नव्हते.

"हे काय, अप्पा?"

"पायाची शीर काढून आत बसवतात," अप्पा म्हणाले. "छातीपेक्षा पायच जास्त दुखायचा. रात्री तुझी ताई पायाखाली उशी द्यायची. महिनाभर ती माहेरीच होती, माहीत आहे ना तुला?"

आम्हांस आठवडा सांगण्यात आला होता. ताईची मुले तेव्हा कोणाकडे होती, ती झोपे केव्हा, रुग्णालयाचे पैसे आधी कोणी भरले, हे सारे अप्पा लहान कुंडात गळ्यापर्यंत बसून, डोक्यावर घडी केलेला पंचा ठेवून, सांगत गेले. आम्ही दोघे भाऊ काठावर पाय सोडून ऐकत होतो. दहा मिनिटे होताच भावाने त्यांना हात देऊन बाहेर काढले.

निघताना बिलावर खोलीच्या भाड्याखाली माणशी १५० येनांचा स्नानकर लावलेला होता. अप्पांनी चष्मा लावून तो आकडा तपासला आणि ताईला दाखविण्यासाठी बिल मागून घेतले. गाडी सुटण्यास अवकाश होता. आम्ही ताईला फोन लावला. साताऱ्यात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि ती बंब पेटवीत होती.