रिकाम्या हातांची खेप

मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ बंदरापासून ६१ क्रमांकाचा रस्ता सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने ईशान्येला निघतो. उजवीकडे पलीकडचा तीर दिसू नये इतकं पाणी, डावीकडे पाइन, स्प्रूस आणि बर्चचं दाट रान. तीनेक तासांत कॅनडाची सीमा येते आणि तिच्या अलीकडे ग्रँड पोर्टेज नावाचं छोटं गाव लागतं. या गावाच्या पश्चिमेला, थेट एली गावाच्याही पलीकडे, बाउंड्री वॉटर्सचं अरण्य पसरलं आहे. सुमारे ११ लाख एकर जंगल, हजाराहून जास्त सरोवरं, आणि आत जायला बहुतेक ठिकाणी एकच वाहन: वल्ह्याने चालवायची हलकी होडी, म्हणजे कनू. उन्हाळ्यात या पाण्यावर तरुणांच्या टोळ्या असतात, आईवडील आणि मुलं असतात, आणि मधली पिढी घरी ठेवून आलेले आजी-आजोबा आणि नातवंडंही असतात. अमेरिकेत आता ही सहलीची एक रुळलेली पद्धत आहे. १९७५ मध्ये एल्डरहॉस्टेल या नावाने सुरू झालेली आणि आज रोड स्कॉलर म्हणून ओळखली जाणारी संस्था अशा आजी-नातवंडांच्या सहली ठिकठिकाणी आखते. या सहलींकडे बघण्याची एक ठरलेली नजर आहे: खरं साहस तरुणांचं, ही त्याची पातळ केलेली आवृत्ती. मला हे उलटं वाटतं. या रानाचा इतिहास नीट पाहिला तर आजी आणि नातवंड हीच इथली जुनी जोडी ठरते. दंडाच्या जोरावर पाणी कापणारा तरुण इथे नंतर आला आणि लवकर निघूनही गेला.

त्या तरुणाची कीर्ती मात्र मोठी आहे, आणि ती सांगायची तर ग्रँड पोर्टेजलाच थांबावं लागतं. होडी आणि सामान पाण्यातून काढून खांद्यावरून पुढच्या पाण्यापर्यंत न्यायची वाट म्हणजे पोर्टेज. इथली पिजन नदी सुपीरियरला मिळण्याआधी धबधब्यांवरून कोसळते. त्यांतला एक सुमारे ३६ मीटर उंच आहे. तिथून होडी जाणं शक्यच नाही, म्हणून साडेतेरा किलोमीटरांची पायवाट. या मुलखातल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत या जागेचं नाव ‘गिची-ओनिगामिंग’, वाहून नेण्याची मोठी जागा. फ्रेंच नावाचा अर्थही तोच. अठराव्या शतकाच्या अखेरीस कातड्यांचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीचं मुख्य ठाणं इथे होतं. माँट्रियलहून माल घेऊन येणाऱ्या ३६ फुटी होड्या आणि आतल्या मुलखातून बीव्हरची कातडी घेऊन येणाऱ्या २५ फुटी होड्या दर उन्हाळ्यात इथे भेटत. युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांची चलती होती, तिच्यापायी हा सगळा खटाटोप. या होड्या वल्हवणाऱ्या गड्यांना व्हॉयाजर म्हणत. ९० पौंडांची दोन गाठोडी, म्हणजे ऐंशी किलोंहून जास्त वजन, कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर तोलायचं आणि दुडक्या चालीने निघायचं, हा त्यांचा नेम. वाट किलोमीटरांत कोण मोजणार? ती विसाव्यांत मोजली जाई, आणि या वाटेवर १६ विसावे होते. अंतर्गळाने कित्येकांचं शरीर अकाली निकामी होई. १८०३ मध्ये कंपनीने आपलं ठाणं उत्तरेला, आजच्या थंडर बे शहराच्या जागी हलवलं आणि इथली गजबज ओसरली. म्हणजे उत्तरेच्या रानाची जी प्रतिमा आजही पोस्टरांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दिसते, ती एका सरलेल्या काळातल्या मजुरीची आहे. त्या गड्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण मजुरीची रीत ही रानात राहण्याची रीत नव्हे.

राहण्याची रीत त्यांच्या होडीतच दडलेली होती. होडीचं कातडं म्हणजे बर्चची साल. या झाडाच्या हिमालयातल्या भावंडाला आपण भूर्ज म्हणतो, त्याच्याच सालीवर आपल्या जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या. ओजिब्वे तिला ‘विग्वास’ म्हणतात. ठरावीक हंगामात ती झाडावरून अखंड सोलायची, सीडरच्या लाकडाच्या बरगड्या वाफवून वाकवायच्या, स्प्रूसची मुळं खणून, सोलून, उभी चिरून त्यांचा दोरा करायचा, सालीचे तुकडे शिवायचे आणि शिवणीवर डिंक-राळ चोपडायची. लाकूडकाम बहुधा पुरुषांकडे, शिवण बायकांकडे, आणि मुळं सोलायला, डिंक ढवळायला हाताशी पोरं. एकट्या तरुणाच्याने असली होडी होत नाही. तिला घर लागतं. तीच गोष्ट ‘मनोमिन’ची, उथळ सरोवरांत उगवणाऱ्या त्या धान्याची, जे भाताचं लांबचं नातलग आहे. उन्हाळा सरताना एकाने होडी बांबूसारख्या लांब काठीने रेटायची, दुसऱ्याने हातभर लांबीच्या दोन काठ्यांनी लोंब्या होडीवर ओणवून हळूच झोडायच्या. जे दाणे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षाचं बियाणं. भाजलेलं धान्य मग खड्ड्यात घालून पायांनी तुडवायचं, आणि दाणा फुटू नये म्हणून त्या कामाला हलकं पाऊल हवं. म्हणजे पोरांचं वजन कमी असणं हा इथे उणेपणा नव्हता, तीच पात्रता होती.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही असंच. फ्रान्सिस डेन्समोर या संशोधक बाईंनी ओजिब्वे जीवनावरचं आपलं पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात नोदिनेन्स नावाची एक वृद्धा आपल्या लहानपणाचं वर्षचक्र सांगते: हिवाळ्याचा तळ, वसंतातली मेपलच्या साखरेची भट्टी, मग पेरणी, मग धान्य. त्या कारभारात आजीचा अधिकार स्पष्ट दिसतो. कामाची सूत्रं तिच्याकडे आणि मुलींकडून ते करवून घेणारीही तीच. ओजिब्वे कथांचा महानायक नानाबोझू याला आईने वाढवलेलं नाही, आजीने वाढवलं आहे, आणि या कथा सांगण्याचा काळही ठरलेला: जमिनीवर बर्फ असताना, जेव्हा काम थांबतं आणि शेकोटीभोवती म्हातारी आणि पोरं जवळ येतात. एखादा समाज आपल्या सगळ्यात मोठ्या नायकाला आजीच्या मांडीवर ठेवतो, तेव्हा ज्ञान कुणाकडून कुणाकडे जातं याबद्दल त्याची खात्री असते.

आता आजची वाट. इथल्या नकाशांवर पोर्टेजची लांबी अजूनही ‘रॉड’मध्ये छापतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. समजा वाट १०० रॉडची आहे, म्हणजे पाचशे मीटर. धडधाकट तरुण सगळं एकाच फेरीत उचलतात आणि धापा टाकत पार होतात. आजी आणि दहा वर्षांची नात तसं करत नाहीत. त्या दोन खेपा करतात: पहिल्या खेपेला पाठीवरची थैली आणि वल्ही, मग परत, मग होडी किंवा उरलेलं सामान. हिशेब केला तर पाचशे मीटरांच्या वाटेवर दीड किलोमीटर चालणं होतं, आणि त्यातले मधले पाचशे मीटर पूर्ण रिकाम्या हातांनी. कनूच्या रानातला सगळ्यात मोलाचा वेळ मला हा वाटतो. ओझं असताना माणूस पायाखाली बघतो. परतताना मान वर होते. मघाशी ठेच लागलेला दगड आता दिसतो, त्यावरचं करडं दगडफूल दिसतं, चिखलात मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या खुराचा ठसा दिसतो, ऑगस्ट असेल तर ब्लूबेरी तोंडात जातात. हा खडकही असा की काही ठिकाणी त्याचं वय अडीच अब्ज वर्षांपलीकडे जातं, आणि हिमनद्यांनी तो घासून उघडा टाकला आहे. साठ वर्षांचं अंतर त्या दगडावर बसून फारसं राहत नाही. दोघींच्या शक्तीला एकाच वेळी पुरेल अशी गती या वाटेवर आपोआप मिळते, कारण दोघींनाही एका दमात सगळं उचलता येत नाही.

पहिला आक्षेप रास्त आहे: हे सगळं ऐकायला छान, पण म्हाताऱ्या माणसांना मोटरशिवाय रानात पाठवणं हा हट्ट नाही का? हा वाद इथे थेट वॉशिंग्टनपर्यंत गेला. १९७८ मध्ये या अरण्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि काही ठरावीक सरोवरं सोडून बाकी ठिकाणी मोटरबोटी बंद झाल्या. मोटरींच्या बाजूने मांडलेल्या मुद्द्यांत एक ठळक मुद्दा हाच होता की वृद्ध आणि अपंग यांना रान बंद होईल. त्यावर मिनेसोटातल्या काही तरुणांनी भाषणं करण्याऐवजी व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या लोकांना सोबत घेऊन कनूची सफर केली. त्यातून वाइल्डरनेस इन्क्वायरी ही संस्था उभी राहिली आणि ती आजही हेच काम करते. दुसरा पुरावा डोरोथी मोल्टर यांचा. पेशाने परिचारिका असलेल्या या बाई १९३० च्या दशकापासून नाइफ सरोवरातल्या बेटांवर राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या कनूवाल्यांना स्वतः बनवलेली रूट बिअर पाजत राहिल्या, आणि १९८६ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी तिथेच वारल्या. सगळ्यांनाच असं राहता येईल असं मी म्हणत नाही. त्यांनाही शेजाऱ्यांची मदत होती. पण वय झालं की रान संपतं, हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही. ज्यांना मोटरच हवी त्यांच्यासाठी ती ठरावीक सरोवरं आहेतच.

उरतो धोका, आणि तो खरा आहे. आतल्या भागात बहुतेक ठिकाणी मोबाईल चालत नाही, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी इतकं गार असतं की होडी उलटली तर थंडीनेच माणूस गारठून हतबल होतो, आणि मोठ्या सरोवरांवर दुपारनंतर वारा उठतो. म्हणून जूनऐवजी ऑगस्ट निवडावा, तेव्हा पाणी सोसवेल असं असतं आणि डासही ओसरलेले असतात. मोठं पाणी सकाळीच ओलांडावं, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्यावं, औषधं दोन वेगळ्या थैल्यांत ठेवावीत. दहा वर्षांखालच्या मुलांना जीवरक्षक जाकीट घालणं मिनेसोटात कायद्यानेच सक्तीचं आहे. आजोबांनीही ते घालावं, कारण मूल आजोबांकडे बघून शिकतं. आणि होडी केवलारची घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी पस्तीस किलोंच्या आसपास भरते, केवलारची वीसच्या.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ओजिब्वे घराचा दाखला देऊन बाहेरच्यांनी सहली काढायच्या, हे त्यांच्या दुःखावरून चालत जाणं नाही का? १८५४ च्या ला पॉइंट करारात हा सगळा मुलूख त्यांच्या हातून गेला. शिकारीचा, मासेमारीचा आणि वनोपज गोळा करण्याचा हक्क मात्र त्यांनी राखून ठेवला आणि तो आजही लागू आहे. त्यानंतर सरकारी निवासी शाळांनी त्यांची मुलं घरातून उचलली, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली, आणि नेमका आजी-नातवंडांमधला दुवा तोडला. पुढे मुलं परक्या घरांत दत्तक देण्याचं सत्र चाललं. ते थांबवण्यासाठी ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट’ आला, ज्याने मुलाला ठेवताना पहिली पसंती त्याच्या विस्तारित कुटुंबाला दिली. आजी-आजोबा त्यात आलेच. हा कायदा १९७८ चाच. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबरमध्ये अरण्याच्या कायद्यावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये या कायद्यावर. त्या शरद ऋतूत अमेरिकेने उशिरा का होईना दोन गोष्टी मान्य केल्या: हे पाणी शांत राहू द्यायला हवं, आणि नातवंड आजीपाशी राहू द्यायला हवं. ज्याला पहिल्याचा लाभ घ्यायचा आहे त्याने दुसऱ्याची माहिती करून घेणं हे किमान कर्तव्य आहे. म्हणून माझं मत असं की ही यात्रा ग्रँड पोर्टेजच्या राष्ट्रीय स्मारकापासून सुरू करावी. ती जमीन तिथल्या ओजिब्वे बँडने, म्हणजे समूहाने, स्वतःच्या मालकीतून दिली आणि स्मारकाच्या कारभारात बँडचा वाटा आहे. नातवंडाला व्हॉयाजरची गाठोडी दाखवावीत, आणि बर्चच्या होडीची शिवणही.

मराठी वाचकाला हे इतक्या तपशिलाने सांगण्याला कारण आहे. मिनियापोलिसपासून शिकागोपर्यंतच्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात. आईवडील कामावर, शाळेला सुट्टी, आणि घरात ही जोडी एकमेकांसमोर. एकाला मराठी सुचतं, दुसऱ्याला इंग्रजी. फिरायला नेलं तर नायगारा, नाहीतर न्यूयॉर्क, जिथे दोघेही पाहुणे. कनूत दोघांना एकाच लयीत वल्हं मारावं लागतं, नाहीतर होडी गोल फिरते, आणि ते साधायला फार शब्द लागत नाहीत. सुरुवात एलीजवळच्या हेगमन सरोवरांपासून करता येईल. वाटेवरून उतरून एक सरोवर, मग छोटं पोर्टेज, मग दुसरं सरोवर, आणि एका कड्यावर तांबड्या रंगात माणूस, मूस, होड्या यांची चित्रं. ती कुणी, कधी काढली याची नोंद नाही, पण हात पसरून उभा असलेला तो माणूस होडीत बसल्या बसल्या दिसतो. एका दिवसात जाऊन येता येतं. मुक्काम करायचा असेल तर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात परवाने मोजके असतात, एका गटात नऊच माणसं चालतात, आणि आरक्षण जानेवारीच्या अखेरीस खुलं होतं. आजी-आजोबांचं विमानाचं तिकीट काढण्याआधी ती तारीख बघून ठेवा.