गिटारविरुद्ध निघालेला मोर्चा

१७ जुलै १९६७. साओ पाउलोच्या रस्त्यांवरून एक मोर्चा निघाला. ब्राझीलमध्ये तीन वर्षांपासून लष्करी राजवट होती. पण हा मोर्चा तिच्याविरुद्ध नव्हता. तो इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध होता! अग्रभागी विख्यात गायिका एलिस रेजिना होती. तिच्यासोबत जिल्बेर्तो जिल हा तरुण संगीतकारही चालत होता.

आज हे हास्यास्पद वाटते. मात्र १९६४च्या सत्तापालटास अमेरिकेचा पाठिंबा होता आणि रॉक अमेरिकेतूनच आले होते. सांबा जपणे म्हणजे देश जपणे, अशी त्या पिढीतील अनेकांची प्रामाणिक धारणा होती. (मोर्चामागे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाची प्रसिद्धीही होती, हा भाग निराळा.)

त्याच शहरातील एका घरात मात्र हे ‘परकीय’ वाद्य चक्क घरीच घडत होते. आर्नाल्दो आणि सेर्जिओ या बाप्तिस्ता बंधूंनी रीता लीसह ‘ओस म्युतांतेस’, म्हणजे ‘उत्परिवर्तित जीव’, हा रॉक वाद्यवृंद १९६६ मध्ये स्थापन केला होता. आई क्लारिसे लेइते पियानोवादक आणि संगीतरचनाकार. थोरला भाऊ क्लाउदिओ सेझार वाद्ये आणि ध्वनियंत्रे बनवणारा अवलिया. परदेशी गिटार परवडत नसे, म्हणून त्याने स्वतःच गिटारी घडवल्या. शिलाई यंत्राची मोटर वापरून त्याने ध्वनी बदलणारे उपकरण तयार केले. पहिल्या अल्बममधील एका गाण्यात तर तालासाठी कीटकनाशक फवारण्याचा पंप वाजतो. ज्या वाद्यावर साम्राज्यवादाचा शिक्का बसला होता, ते इथे भंगार आणि कल्पकता यांतून जन्मत होते.

मोर्चानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, जिल एका मोठ्या गीतस्पर्धेच्या मंचावर उभा राहिला. त्याच्या मागे ओस म्युतांतेस होते, हाती इलेक्ट्रिक गिटार घेऊन! त्याच गाण्यात कापोएराचे पारंपरिक बेरिंबाउही वाजत होते. गाण्यास दुसरा क्रमांक मिळाला. जिलच्या या मतपरिवर्तनास संधिसाधूपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. देशी काय आणि परके काय, याची व्याख्याच त्याने त्या मंचावर बदलून टाकली.

सप्टेंबर १९६८ मध्ये कायतानो व्हेलोसो साओ पाउलोच्या कॅथलिक विद्यापीठाच्या नाट्यगृहात ‘मनाई करण्यास मनाई आहे’ अशा अर्थाचे गीत गाऊ लागला, तेव्हा हुर्यो उडाली. हुर्यो उडवणारे लष्कराचे समर्थक नव्हते. त्यांत राजवटीला विरोध करणारे डावे विद्यार्थीच अधिक होते. साथ करणाऱ्या ओस म्युतांतेसने प्रेक्षकांकडे पाठ फिरवली आणि वादन चालूच ठेवले.

राजवटीला या वादात रस नव्हता. १३ डिसेंबर १९६८ रोजी पाचवा ‘संस्थात्मक कायदा’ लागू झाला, नागरी हक्क गोठले. महिनाअखेरीस जिल आणि कायतानो तुरुंगात होते. पुढे दोघांनाही लंडनला निर्वासित व्हावे लागले. एका बाजूस ते देशद्रोही वाटले, दुसऱ्या बाजूस धोकादायक.

ओस म्युतांतेस देशातच राहिले. १९७२ मध्ये रीता ली बाहेर पडली, पुढच्या वर्षी आर्नाल्दोही. १९७८ मध्ये वाद्यवृंद संपला. रीता पुढे ब्राझीलमधील सर्वाधिक लोकप्रिय रॉक गायिकांपैकी एक झाली.

१९९३ मध्ये ब्राझीलला आलेल्या कर्ट कोबेनने आर्नाल्दोसाठी चिठ्ठी ठेवली होती. २००६ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये दोघे भाऊ पुन्हा एकत्र वाजवू लागले. रीता आली नाही. गिटारविरोधी मोर्चात चाललेला जिल त्या वेळी ब्राझीलचा संस्कृतिमंत्री होता.