ए-फुल, ए-100

“नेट स्लो आहे” ही तक्रार आली की लोक आधी इंटरनेटवाल्याला फोन लावतात. पिंग व्यवस्थित, मेल येतंय, फक्त मोठी फाइल कॉपी करायला घेतली की रडायला लागतं. अशा वेळी मी त्या पोर्टचे काउंटर उघडतो. एका टोकाला लेट कोलिजन आणि समोरच्या टोकाला सीआरसी एरर वाढत असतील, तर ड्युप्लेक्स जुळलेलं नाही. पुढे शोधायची गरज नाही.

*

हे होतं कसं? कुणीतरी एका टोकाला 100 फुल हाताने ठोकून ठेवलेलं असतं, दुसरं टोक ऑटोवर. हाताने फिक्स केलेला पोर्ट बहुतेक स्विचवर बोलणीच बंद करतो. ऑटोवाल्याला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. मग मानकाच्या नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. म्हणजे एक जण हवं तेव्हा पाठवतोय आणि दुसरा त्यालाच टक्कर समजून मधेच थांबतोय. आणि वाईट म्हणजे लिंकचा दिवा या सगळ्यात हिरवाच!

*

सिस्कोच्या स्विचवर ‘शो इंटरफेस स्टेटस’ दिलं की ड्युप्लेक्स आणि वेगाच्या रकान्यात ‘ए-फुल’, ‘ए-100’ असं दिसतं. तो छोटा ‘ए’ आधी बघावा. तो आहे म्हणजे ऑटोने ठरलंय. नुसतं ‘फुल’, ‘100’ दिसलं तर कुणाचा तरी हात लागलाय.

*

“सर्व्हरचा पोर्ट नेहमी फिक्स करायचा” हा सल्ला अजून ऐकू येतो. त्याला एकेकाळी अर्थ होता. 1995 साली 100 मेगाबिटबरोबर ऑटो आलं, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आणि स्विच यांचं आपसांत पटत नसे. 1999 मध्ये तांब्याच्या केबलवरचं गिगाबिट आलं आणि त्यात ऑटो सक्तीचंच झालं, कारण घड्याळ कोणत्या टोकाचं चालणार हेही त्याच बोलणीत ठरतं. सल्ला मात्र हँडओव्हरच्या कागदातून पुढे सरकत राहिला. माझं मत: दोन्ही टोकं ऑटो. एखादं जुनं यंत्र किंवा मीडिया कन्व्हर्टर ऐकतच नसेल, तर दोन्ही टोकं हाताने. अर्धवट काही नको.

*

गिगाबिट पोर्ट 100 वर अडकलाय? सेटिंगला हात लावण्याआधी केबल बदलून बघा. 100 ला दोन जोड्या पुरतात, 1-2 आणि 3-6. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी क्रिम्पिंगमध्ये नीट बसली नसेल तर बरीच कार्डं गुपचूप 100 वर उतरतात.

*

पीसी चालू केला की पहिला अर्धा मिनिट नेटवर्क नाही, आयपी 169.254 वाला. इथे पोर्टफास्ट राहिलंय. स्पॅनिंग ट्री 15 सेकंद ऐकण्यात आणि 15 सेकंद शिकण्यात घालवतो, तोवर डीएचसीपी कंटाळतो. टेबलाकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट द्या, सोबत बीपीडीयू गार्डही. कुणी टेबलाखालच्या पाचपोर्टी स्विचमध्ये एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं खोचली, तर गार्ड तेवढा एकच पोर्ट बंद करतो. नाहीतर अख्खा मजला ओरडतो. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र पोर्टफास्ट अजिबात नको.

*

ट्रंकवर नवा व्हीलॅन घालताना ‘अलाउड व्हीलॅन’च्या पुढे ‘ॲड’ लिहायचं राहिलं, की जुनी यादी जाते आणि नवा एकटाच उरतो. मॅनेजमेंटचा व्हीलॅन त्या जुन्या यादीत असेल तर तुम्हीही बाहेर. लांबच्या शाखेत काम करताना आधी चालू कॉन्फिग सेव्ह करून ‘रिलोड इन 10’ लावून ठेवावं. काम बिनसलं तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःच जुन्या कॉन्फिगवर उठतो. काम जमलं तर रिलोड रद्द करायला विसरू नये, एवढंच.

*

डिस्क्रिप्शनमध्ये ‘टेस्ट’, ‘न्यू’, ‘सर केबिन’ सापडतं. सर कधीच दुसऱ्या मजल्यावर गेलेले असतात. पॅच पॅनेलचा नंबर लिहा, तो जागचा हलत नाही.

*

पोर्टवर काहीही बदललं की काउंटर शून्य करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आणि कृपा करून ‘राइट मेमरी’ दिल्याशिवाय लॅपटॉप मिटू नका.