उधाणाच्या रात्री जंजिऱ्याजवळ

मुलांचा जुना हट्ट होता की जंजिऱ्याला होडीने फेरी मारायची आणि रात्र पाण्यावरच काढायची. खालूंची शिडाची होडी, तिला लहान इंजिन आणि जानेवारीची सुट्टी असा योग जुळला आणि आम्ही दुपारी दिघीहून निघालो.

किल्ल्याच्या पश्चिमेला आलो तेव्हा वायव्येचा वारा सुटला होता. लाटा सरळ तटावर आदळत होत्या. ‘इथेच नांगर टाका ना,’ मुले म्हणाली. मावळत्या सूर्याचा देखावा खरोखर सुंदर होता. खालू हसले. ‘देखावा पाहायचा इथून आणि झोपायचे आडोशाला. सिद्दींनी मोठा दरवाजा कुठे ठेवला ते बघा.’ तो पूर्वेला, राजपुरीच्या बाजूला आहे. खुल्या समुद्राकडे फक्त लहानसा दर्या दरवाजा. होडीला आसरा कुठे मिळतो, हे त्या दगडांनीच आम्हाला सांगितले.

वळसा घालून आम्ही राजपुरी खाडीच्या तोंडाशी आलो. दिघी-आगरदांडा फेरीची वाट आणि मोठ्या जहाजांचा मार्ग सोडून, चिखलाचा तळ पाहून खालूंनी जागा ठरवली. खडकावर नांगर धरला तर अडकतो, नाहीतर घसरतो. चिखलात तो रुततो.

मगरिबच्या आधी ओहोटी होती. वजन बांधलेली दोरी सोडून आम्ही खोली मोजली, ती चार मीटर भरली. खोलीच्या पाचपट दोर हवा, असे खालूंनी सांगितलेले होते. आम्ही शाळामास्तर, हिशेब लगेच केला आणि वीस मीटर दोर सोडून मोकळे झालो. खालू तेव्हा वुजू करत होते.

रात्री दहाला खालूंनी आम्हाला हलवून उठवले. झोपण्यापूर्वी त्यांनी किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेवले होते. आता ती रेष मोडली होती. नांगर ओढला जात होता आणि भरतीच्या ओढीने होडी मागच्या मासेमारी होड्यांकडे सरकत होती. मुले आत गाढ झोपलेली. आमचे हातपाय गार पडले.

खालूंनी इंजिन चालू केले, नांगर उचलला, होडी पुढे नेली आणि पुन्हा टाकला. या वेळी दोर चाळीस मीटर.

‘आज चांदाची तारीख किती?’ त्यांनी विचारले. चौदावी. म्हणजे उधाण. पाणी सुमारे तीन मीटर चढणार, हे आम्ही धरलेच नव्हते. भरतीला खोली सात, त्यात पाण्यावरची होडीच्या पुढच्या टोकाची उंची एक, एकूण आठ. आठ पंचे चाळीस. आमच्या घरच्या इस्लामी कॅलेंडरमध्येच याचे उत्तर होते. महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास उधाण, तर सातवी-आठवी आणि बाविसावीच्या सुमारास भांग.

उरलेली रात्र आम्ही आळीपाळीने दिव्यांची रेष पाहत जागलो. पहाटे मतलई वारा सुटला, ओहोटीची ओढ लागली, होडी नांगराभोवती पूर्ण फिरली. चारी बाजूंना जागा मोकळी ठेवली होती म्हणून कुठे टेकली नाही. फजरच्या वेळी मुले उठली आणि म्हणाली, ‘किती छान झोप लागली!’

आम्ही काही बोललो नाही. अलहम्दुलिल्लाह म्हटले. तवक्कुल आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. पण आधी दोर पुरेसा सोडायचा आणि मग भरवसा ठेवायचा, हा त्याचा अर्थ आम्ही त्या रात्री शिकलो.